निरोगी म्हणून घेतलेलं पान

थेंब दर तेवीस सेकंदांनी पडत होता. थोरलीने तीनदा मोजलं. दोनदा तेवीस आले, एकदा चोवीस. पान हत्तीच्या कानाएवढं होतं आणि तसंच खाली झुकलेलं. त्याच्या टोकाशी पाणी आधी नुसतं चमकायचं, मग फुगायचं, मग स्वतःच्याच वजनाने जरा लांबट व्हायचं आणि सुटायचं. पाऊस नव्हता. पानांवर कोणी पाणी मारलेलं नव्हतं. मुळाशी भरपूर ओल आणि भोवती दमट, थबकलेली हवा असली की अळूच्या जातीची झाडं जास्तीचं पाणी पानाच्या टोकातून बाहेर टाकतात, हे तिला विद्यार्थिदशेपासून ठाऊक होतं. पण ते असं घड्याळ लावून बघत बसावं इतका निवांतपणा तिला कधी लाभला नव्हता. आजही निवांतपणा नव्हताच. बोलायचं टाळायचं होतं, म्हणून ती मोजत होती. आणि थेंब पडत होता तो आईच्या बॅगेवर. निळी कापडी बॅग, चेन शेवटपर्यंत ओढलेली, मुठीला जुन्या रुमालाची गाठ, पाच बॅगांत आपली ओळखू यावी म्हणून आईने पूर्वी कधीतरी बांधलेली. बॅगेवर आता बशीएवढा ओला डाग झाला होता. आई, धाकटी आणि ती, तिघी वेताच्या खुर्च्यांवर बसल्या होत्या, तिघींनाही तो डाग दिसत होता, आणि बॅग चार बोटं सरकवायला कोणीही उठत नव्हतं.

खरं तर आल्या आल्याच तिला ठेच लागली होती, आणि ती इतकी बारीक होती की कुणाला सांगितली असती तर ऐकणारा हसला असता. धाकटीचं पार्लर घराच्या पुढच्या खोलीत. आरसे, वाफेचा वास, फरशीवर कापलेल्या केसांचे झुबके, ते सगळं ओलांडून थोरली मागच्या दाराने बागेत आली, तोच आई आतून ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये काचेचा पेला, पेल्याखाली बशी, पेल्यावर झाकण. "ये, बस. उन्हाची आलीस," आई म्हणाली. बस्स, एवढंच. थोरलीने पेला उचलला, पाणी प्यायली, आणि पेला पुन्हा बशीच्या बरोबर मधोमध ठेवला. अकरा वर्षं आई तिच्याकडे राहिली होती. त्या अकरा वर्षांत आईने तिला पाणी दिलं नसेल असं नाही, पण ते हातात दिलेलं असायचं, भांडं नुसतं पुढे केलेलं, कधी कधी तर अर्धं स्वतः पिऊन, "घे, उरलेलं संपव," म्हणत. ट्रे पाहुण्यांसाठी असतो. ट्रेमध्ये पाणी आलं आणि थोरलीला कळलं की या घरात आता आई घरची आहे आणि आपण आलेले आहोत.

दुसरी गोष्ट तर ती अजून नीट बघूही शकत नव्हती. आईचे केस. सतरा दिवसांपूर्वी ती आली होती तेव्हा आईचा अंबाडा जागच्या जागी होता. आज मानेपर्यंत आखूड केस होते, पांढरेशुभ्र, कानामागे हलके वळलेले, आणि आईची मान, जी थोरलीने आयुष्यात फक्त तेल लावताना पाहिली होती, सगळ्यांसमोर उघडी. "मानेला छान वारा लागतो गं," आई म्हणाली होती, आणि शाळकरी मुलीसारखी मान हलवून दाखवली होती. धाकटी मागून म्हणाली, "मी नाही गं केलं काही. आईच खुर्चीत येऊन बसली. म्हणाली, टाक कापून." यातच तर सगळं होतं. अकरा वर्षं दर रविवारी सकाळी थोरली आईच्या केसांना तेल लावायची. कोमट तेल, छोटी वाटी, खिडकीशी स्टूल. केस विंचरून तीन सारखे पेड करायची आणि सैल वेणीचा अंबाडा घालायची. त्या वेळी दोघी फारसं बोलत नसत. थोरलीला वाटायचं, न बोलता जे चालतं तेच खरं. आता तिच्या मनात आलं, की अकरा वर्षांत एकदाही आईने "टाक कापून" म्हटलं नव्हतं. म्हणावंसं वाटलं होतं का? वाटलं असेल, आणि रविवार मोडू नये म्हणून ती गप्प बसली असेल का? हा विचार आला तशी ती पुन्हा थेंबाकडे वळली. तेवीस.

धाकटीच्या बागेत एकही फूल नव्हतं. मागच्या भिंतीपर्यंत बारा पावलं लांब आणि सात पावलं रुंद अशी जागा, आणि ती नुसत्या पानांनी गच्च भरलेली. कडेने नेचे, त्यांची कोवळी टोकं अजून गुंडाळलेली. मधे क्रोटनचे तांबूस-पिवळे पट्टे. मखमली काळसर पानांचं एक झाड, ज्याच्यावरून हात फिरवला तर मांजरीचे कान आठवावेत. कोपऱ्यात केळ, वाऱ्याने चिरलेली. आणि या सगळ्यांच्या वर शोभेच्या अळूची ती प्रचंड पानं, एकाच्या खांद्यावर एक. "फुलांना भाव फार," धाकटी म्हणायची. "चार दिवस मिरवतात नि गळतात. पानं बिचारी बारा महिने राबतात, त्यांना कोणी विचारत नाही." दिवसभर तापलेल्या भिंती आता ऊब सोडत होत्या, धाकटीने नुकतंच सगळ्यांच्या मुळाशी पाणी सोडलं होतं आणि ओल्या मातीचा, हिरव्या देठांचा, जरासा काकडीसारखा वास जमिनीलगत भरून राहिला होता. उतरतं ऊन अळूच्या पानांतून गाळून येत होतं, त्यामुळे आईच्या चेहऱ्यावर, पांढऱ्या केसांवर, मांडीवर ठेवलेल्या हातांवर फिकट हिरवा उजेड पडला होता. थोरलीच्या डोळ्यांना तो उजेड आवडत होता. सबंध दिवस प्रयोगशाळेच्या पांढऱ्या नळीदिव्यांखाली काढल्यावर डोळ्यांवर कोणी गार फडकं ठेवावं तसं वाटत होतं. आणि आपल्याला हे आवडतंय, हेच तिला सहन होत नव्हतं. दुसऱ्याच्या घरचं जेवण आवडलं तर माणूस कौतुक करून मोकळा होतो. इथे कौतुक ओठांशी येऊन अडत होतं, कारण एकदा "किती छान" म्हटलं की पुढचं वाक्य आपोआप आलं असतं.

ते पुढचं वाक्य धाकटीने फार आधी विचारलं होतं. थोरलीच्या इमारतीत जुने नळ बदलायचं काम निघालं, पंधरा दिवस घरात धूळ आणि ठोकाठोक, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडी आई इकडे आली. पंधरा दिवसांनी काम संपलं. विसाव्या दिवशी धाकटी फोनवर म्हणाली, "ताई, आईला इथेच राहू दे ना गं." थोरली म्हणाली, "बघू." तिसाव्या दिवशी पुन्हा. "बघू." आईला विचारावं तर आई म्हणायची, "तू म्हणशील तसं." आणि ते टोमणा म्हणून नाही, मनापासून. आई निम्मं आयुष्य टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. दोन माणसांना जोडून द्यायचं आणि आपण मधून बाजूला व्हायचं, हे तिच्या हाडात भिनलेलं. आज एकाहत्तरावा दिवस होता. थोरलीने कळवलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी न्यायला येते, आणि आईने एक शब्द न बोलता बॅग भरून पानांखाली आणून ठेवली होती. ती आली असती. केस वाढवायला लागली असती, चौथ्या मजल्यावरच्या खिडकीशी बसली असती, आणि थोरली वाचत असली की रेडिओ लहान केला असता. तक्रारीचं अक्षर काढलं नसतं. म्हणूनच तर निकाल सगळा थोरलीच्या हातात होता, आणि हातात आलेली गोष्ट तिला कधी पटकन खाली ठेवता येत नसे.

पार्लरच्या दारातून धाकटीच्या नेहमीच्या गिऱ्हाईक, जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, बागेत आल्या. डोक्याला मेंदीरंगाचा लेप, त्यावर प्लास्टिकची टोपी, खांद्यावर टॉवेल. रंग मुरेपर्यंत पस्तीस मिनिटं बागेत बसायचं, ही म्हणे इथली पद्धत. त्या धपकन आईच्या शेजारी बसल्या. "काय आजी, निघालात म्हणे? मग आता माझ्याशी भांडणार कोण?"

"तुमची शाळा आहे की भांडायला," आई म्हणाली.

"शाळेत मला उलट बोलायची कोणाची छाती आहे? इथे तुम्ही मला परवा काय म्हणालात? 'बाई, तुमचं नाक रागात फुगतं, त्याला रंग लावा.'"

आई हसली. खळखळून, तोंड उघडं टाकून. थोरलीने ते हसू ऐकलं आणि तिला आठवेना, की हे आपल्या घरात शेवटचं कधी ऐकलं. आपल्या घरात आई हसायची ते ओठ मिटून. "या तुमच्या थोरल्या?" मुख्याध्यापिकांनी विचारलं. "त्या रोगांच्या डॉक्टर ना? झाडांच्या?"

"हो," धाकटी अभिमानाने म्हणाली. "ताई सांगते तो शेवटचा शब्द. लहानपणी आम्ही तिला मोजपट्टी म्हणायचो."

मोजपट्टी. ते नाव कुठून आलं हे धाकटी विसरली होती, किंवा तिला ते गमतीचंच आठवत होतं. जुन्या घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर आई दोघींची उंची पेन्सिलने नोंदवायची. थोरली अकरा वर्षांची, धाकटी आठची. धाकटी चौकटीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने टाचा उचलल्या. अगदी स्पष्ट, बोटभर. थोरली ओरडली, "आई, टाचा बघ तिच्या!" आईने पाहिलं. थोरलीला पक्कं आठवत होतं, आईची नजर खाली टाचांकडे गेली, परत वर आली, आणि तिने डोक्यावर पेन्सिल टेकवून रेघ ओढली. खोटी रेघ. थोरली रडली, पट्टी आणून टाचांखालची जागा मोजून दाखवली, अडीच सेंटिमीटर. आई हळूच म्हणाली, "जाऊ दे गं. तिला बरं वाटतं, वाटू दे." धाकटी नुकती मोठ्या आजारातून उठली होती, हेही खरं. पण ती रेघ त्या चौकटीवर राहिली, घर सुटेपर्यंत राहिली, आणि थोरली जेव्हा जेव्हा त्या दारातून गेली तेव्हा तिच्या डोळ्यात ती कुसळासारखी सलली. धाकटीसाठी आई जगाचा नियमही बोटभर वाकवते. आपल्यासाठी ती नियमाप्रमाणे वागते. आपण पहिला नंबर आणतो, आई पाठीवर हात ठेवते, आणि वळून धाकटीचा घाम पुसते. पुढे शिकून थोरली शास्त्राकडे वळली, त्याचं कारण तिने अनेकांना अनेक प्रकारे सांगितलं होतं. ही चौकट तिने कोणाला सांगितली नव्हती.

आणि त्यामुळेच, सतरा दिवसांपूर्वी, याच खुर्चीवर बसलेली असताना, या पानाकडे बघता बघता तिच्या मनात ते आलं. पानाच्या शिरांलगत फिकट, पिसासारखी नक्षी होती. उजेडाकडे धरलं की दिसायची. अळूच्या जातीच्या झाडांना एक विषाणू लागतो, त्याची खूण अशीच दिसते, आणि एकदा लागला की औषध नाही. झाड उपटून नष्ट करायचं, शेजारची त्या कुळातली सगळी उपटायची, कात्र्या उकळून घ्यायच्या. हे ज्ञान खरं होतं. पण ते मनात आलं तेव्हा त्याच्या आधी, अगदी क्षणभर आधी, एक वेगळीच गोष्ट आली होती, पोटात उबदार काहीतरी पसरावं तशी. हे सगळं उपटलं तर उघडी माती राहील, तापलेली भिंत राहील, आणि आई म्हणेल, चल, घरी जाऊ. थोरलीने स्वतःला ते स्वच्छ दिसू दिलं नाही. ती काळजीच्या आवाजात म्हणाली, "हे डाग मला बरे दिसत नाहीत गं. पान नेऊन बघते." धाकटीचा चेहरा उतरला. तिनेच कात्री आणून दिली. आईने पान ओल्या कागदात गुंडाळून दिलं, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसं, चारही बाजूंनी दुमडून.

प्रयोगशाळेत तिने कोणालाही ते करू दिलं नाही, स्वतः केलं. पानाचा तुकडा वाटायचा, रस प्लेटवरच्या खळग्यात घालायचा, मग एकामागून एक रसायनं, मधे धुवायचं, थांबायचं, पुन्हा धुवायचं. रोग असला तर खळगा पिवळा होतो, नसला तर पाण्यासारखा राहतो. आता पिवळं म्हणजे किती पिवळं, हे डोळा सांगू शकत नाही; म्हणून प्रत्येक प्लेटवर एक ओळखीचा रोगट नमुना आणि एक निरोगी नमुना लावायचाच, म्हणजे तुलनेला एक टोक इकडे, एक तिकडे. नेमका त्या आठवड्यात काचघरातला निरोगी साठा उन्हाने करपला होता. दुसरीकडून मागवायचा तर आठ दिवस गेले असते. थोरलीला आठ दिवस नको होते. तिने दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या खिडकीतल्या कुंडीतलं एक पान खुडलं. आईनेच अकरा वर्षांपूर्वी येताना आणलेला शोभेचा अळू तो. एक कंद, ओल्या फडक्यात. तेव्हापासून पूर्वेच्या खिडकीत. त्याचं प्रत्येक नवं पान थोरली मोजून वहीत टिपायची. कधी वीस सेंटिमीटर, कधी एकवीस. बावीसच्या वर एकही नाही, पण कधी मान टाकली नाही, कधी पिवळा पडला नाही. तिच्या हाताशी याहून खात्रीचं निरोगी झाड कुठलं असणार?

दोन दिवसांनी प्लेट वाचली तेव्हा धाकटीच्या पानाचे खळगे पाण्यासारखे होते. रोगट नमुन्याचे पिवळे. आणि निरोगी नमुन्याचे, तेही पिवळे. लख्ख, लिंबासारखे. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने खांद्यावरून डोकावून पाहिलं. तीस वर्षं याच कामात घालवलेला, चष्मा कपाळावर ठेवून तो घरभर शोधणारा माणूस. "मॅडम, निरोगी कुठला लावलात?"

"घरचा."

"घरचा म्हणजे, तपासलेला?"

"अकरा वर्षं डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"हात्तिच्या!" तो हसला. "डोळ्यांसमोर असणं ही तपासणी धरली तर आपण सगळ्यांनी घरीच बसायचं की. नवख्या पोरांना ओरडता तुम्ही याच्यावरून. हात दाखवून अवलक्षण झालं हे."

तिने ते पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा, आलेला नवा निरोगी साठा लावून. तिन्ही वेळा तेच. धाकटीचं झाड स्वच्छ, घरचं रोगट. ती घरी आली, दिवा लावला आणि कुंडी हातात घेऊन ते छोटं, आखडलेलं, सभ्य झाड बघत राहिली. उजेड कमी पडतो म्हणून वाढत नाही, असं ती इतकी वर्षं समजत होती. पान उजेडाकडे धरलं तर शिरांलगत पिसासारखी नक्षी होती. ती नेहमीच तिथे होती. रोज पाहिल्यामुळे तिला ते झाडाचं रूपच वाटत आलं होतं. वहीची पानं उलटली तर अकरा वर्षांच्या नोंदी, सुबक अक्षरात, तारखेसकट. एका आजाराची एवढी नीटनेटकी नोंद तिच्या अख्ख्या खात्यात दुसरी नसेल. तिने वही मिटली. झोपायच्या खोलीत आईचा पलंग होता तसा होता, उशीवर दोन घड्या घातलेली चादर.

"चला, माझी वेळ झाली," मुख्याध्यापिका उठल्या. "नाहीतर केस जांभळे होतील आणि सोमवारी शाळेला सुट्टी द्यावी लागेल. आजी, येत जा हो. तिकडे जाऊन आम्हाला विसराल." आई म्हणाली, "तुमचं नाक कोण विसरेल?" पण या वेळी ती हसली ओठ मिटूनच. थोरलीच्या ते लक्षात आलं. धाकटी मुख्याध्यापिकांचं डोकं धुवायला आत गेली. आई आणि थोरली दोघीच राहिल्या. आईने पदराच्या टोकाने खुर्चीशेजारच्या पानावरची धूळ पुसली, देठापासून टोकापर्यंत, एकदाच, हलक्या हाताने. पुसून झाल्यावर तिचा हात तिथेच राहिला. "रिक्षा सांगितलीयस का?" तिने विचारलं.

"सातला येईल."

"बरं." आणि मग जरा वेळाने, "तिकडच्या खिडकीत ऊन फार येतं का गं आता?"

"पडदा लावते मी."

"बरं."

तेवीस. थेंब बॅगेवर पडला, कापडाने तो लगेच शोषून घेतला. थोरलीच्या पर्समध्ये चौपदरी घडी केलेला अहवाल होता. दोन ओळींचा. पण तो कोणी मागणार नव्हतं. धाकटीने कधीच कागद मागितला नसता. तिच्या दृष्टीने ताईने सांगितलं म्हणजे झालं. रोग आहे, एवढे दोन शब्द पुरेसे होते. येताना रिक्षात थोरलीने ते मनातल्या मनात म्हणून पाहिले होते, कुठल्या स्वरात म्हणायचे, नजर कुठे ठेवायची. वाईट वाटतंय असा आवाज लावायला तिला काही कष्ट पडले नव्हते, कारण वाईट खरंच वाटत होतं. फक्त कशाचं, ते कोणी विचारणार नव्हतं.

हात पुसत धाकटी परत आली आणि बसली नाही. भिंतीला टेकवलेल्या फावड्याचा दांडा धरून उभी राहिली. थोरलीने ते आत्ता पाहिलं. नवं कोरं फावडं, दांड्यावर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. "ताई, आता सांगून टाक. मी काल हे आणून ठेवलंय. आई जाताना बघत उभी राहायला नको, पण तू म्हणालीस तर तुम्ही गेल्या गेल्या उपटते. रडारड करणार नाही, शप्पथ." असं म्हणताना तिचे डोळे भरलेच होते. "फक्त एवढं सांग, त्या मखमली पानाचं काय? तेही त्याच कुळातलं ना?"

"एखादं ठेवता येणार नाही का गं?" आई म्हणाली. "लांब, भिंतीपाशी? मी..." ती थांबली. मी बघेन त्याच्याकडे, असं ती म्हणणार होती, आणि बॅगेकडे नजर जाऊन ती थांबली, हे थोरलीला दिसलं. आईने आयुष्यात काही मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. आता मागत होती, तेही झाडासाठी, आणि तेसुद्धा स्वतः तिथे नसताना.

टोकाशी पाणी फुगत होतं. थोरली मोजायचं विसरली. ते लांबट झालं, सुटलं, आणि ती म्हणाली, "स्वच्छ आहे."

"काय?"

"तुझं झाड. तीनदा केलं. काहीही नाही त्याला."

धाकटीने फावडं सोडून दिलं, ते भिंतीवरून घसरत खाली आपटलं. "मग ते डाग गं?"

"नक्षी आहे ती त्याची. पान एवढं मोठं झालं की दिसते. मी चुकले."

"थांब, थांब. काय म्हणालीस? परत म्हण." धाकटी रडत होती आणि हसत होती. "आई, तारीख लिहून ठेव! मोजपट्टी चुकली!" ती धावत येऊन त्या प्रचंड पानाला गालच लावून उभी राहिली, आणि पानावरचं सगळं पाणी एकदम तिच्या मानेवर सांडलं. थोरलीच्या छातीत तोच जुना काटा पुन्हा एकदा फिरला. हिला आनंद कसा लगेच सापडतो, समोर ठेवलेला असल्यासारखा. मग थोरली पायांकडे बघत म्हणाली, "रोग माझ्याकडच्या कुंडीत आहे. आईच्या अळूला. निरोगी म्हणून मीच ते पान लावलं होतं."

बोलून झाल्यावर तिने वर पाहिलं. आईला आश्चर्य वाटलेलं दिसत नव्हतं. ती पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत होती. "असेल," आई म्हणाली. "तो कधी वाढलाच नाही. आपल्या जुन्या घरी त्याचीच पानं कमरेपर्यंत यायची. तिसऱ्या-चौथ्या वर्षीच मला वाटलं, याला काहीतरी झालंय."

"मग बोलली का नाहीस? मी रोज त्याच्यासमोर असायचे. हेच तर काम आहे माझं."

"रोज मोजायचीस ना तू," आई म्हणाली. "संध्याकाळी आलीस की आधी पट्टी घेऊन खिडकीशी. 'आई, आज दोन मिलिमीटर,' म्हणून सांगायचीस मला. तुला बरं वाटायचं. म्हटलं, वाटू दे."

 थोरलीला स्वयंपाकघराची चौकट दिसली, रेघ दिसली, उचललेल्या टाचा दिसल्या. फक्त या वेळी त्या टाचा कुणाच्या होत्या हे तिला नीट कळेना. अकरा वर्षं आई तिच्या खिडकीशी उभी राहून खोट्या रेघा ओढत होती, रोज एक, दोन मिलिमीटरची. नजर खाली जायची, सगळं दिसायचं, नजर वर यायची. आणि ती समजत होती, बोटभर वाकवायचं ते फक्त धाकटीसाठी.  मत्सर गेला नव्हता. तो जागेवरच होता. धाकटीची ओली मान, आईचे आखूड केस, तो ट्रे, सगळं अजून टोचत होतं. पण इतका वेळ ज्या वजनाच्या विरुद्ध पारडं धरून ती उभी होती, ते वजनच कोणीतरी उचलून नेलं होतं, आणि हात उगीचच ताठ राहिला होता.

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. सातला अजून चार मिनिटं होती. आई लगेच उठली, गुडघ्यांवर हात टेकून, सवयीने. "आली वाटतं," ती म्हणाली, आणि पायांत चपला सरकवल्या. धाकटीचं हसू विझलं. ती बॅगेजवळ गेली, ओल्या डागावर तळवा दाबून म्हणाली, "अरे देवा, भिजली की. आतलं बघू का, कपडे ओले झाले असतील?" आणि चेन उघडायची की नाही, हे विचारायला तिने वर पाहिलं. आईकडे नाही. थोरलीकडे. आईही तिच्याचकडे बघत होती, तू म्हणशील तसं, अशा नजरेने, हिरव्या उजेडात, उघड्या मानेने. पानाच्या टोकाशी पुन्हा पाणी जमायला लागलं होतं.

"उघड," थोरली म्हणाली. "काढ सगळे कपडे आणि आत वाळत घाल. आई, तू माझ्याबरोबर येत नाहीयेस. तू इथेच राहायचंस, कायमची." तिचा आवाज चिरकला, म्हणून ती थांबली, आणि मग एकेक शब्द वेगळा ठेवत म्हणाली, "पण तुझा पलंग मी काढणार नाही."